क्रियापद नसलेली चिठ्ठी

परदेशातून पुण्यात शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच दिवशी दोन पानं हातात देते. नळाचं पाणी उकळून प्यावं. दुपारी एक ते चार दुकानदाराला उठवू नये. तो उठला तरी माल देणार नाही. रिक्षात बसण्याआधी मीटर पाडायला सांगावं. 'बघू' या शब्दाचा अर्थ 'नाही' असा आहे. 'होऊन जाईल' याचा अर्थ अजून काहीही झालेलं नाही असा आहे. सगळ्या कागदांच्या तीन झेरॉक्स काढाव्यात आणि त्यातली एक घरमालकाकडे ठेवावी. आल्यापासून चौदा दिवसांच्या आत पोलिसांच्या नोंदणी कचेरीत जावं, आणि तिथे कोणी एखादी तारीख सांगितली तर ती वार, महिना आणि वर्षासकट सांगणाऱ्याकडूनच लिहून घ्यावी. मुलं पानं चाळतात आणि हसतात. मागे एका मुलीनं विचारलं, "मॅडम, एवढी लांब वाक्यं कशाला? नुसते मुद्दे द्या ना." मी देत नाही. त्या दोन पानांत एकही तुटकं वाक्य नाही. कारण सांगायचं तर मला मी सतरा वर्षांची असतानाच्या एका बुधवारबद्दल बोलावं लागेल, आणि ते ऑफिसात बसून बोलण्यासारखं नाही.

आम्ही कसबा पेठेत राहायचो, तांबट आळीपासून दोन गल्ल्या अलीकडे, पहिल्या मजल्यावर. सकाळी आठाला तांब्यावर पहिला ठोका पडायचा आणि मग दुपारी एकपर्यंत ठक-ठक, ठक-ठक चालू. आम्हाला तो आवाज ऐकूच यायचा नाही. पाहुणे मात्र दुसऱ्याच दिवशी कानात कापूस घालायचे. खाली अत्तारचाचांचं दुकान होतं. अत्तर, अगरबत्ती, गुलाबपाणी, मेंदी, लोबान. त्यांच्या चार पिढ्या त्याच गाळ्यात गेल्या होत्या. गल्लीतला एकमेव टेलिफोन त्यांच्याकडे होता, त्यामुळे गल्लीतली प्रत्येक जन्माची आणि मरणाची बातमी अत्तराच्या वासातून यायची. फोन आला की चाचा वर तोंड करून हाक मारायचे, "शुभाताई, या! भारत सरकारला तुमच्या वडिलांची आठवण झालीय." चाचांकडे गोड एवढं फक्त गुलाबपाणी, बोलणं नाही.

माझे वडील, अण्णा, तार ऑफिसातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारा पाठवून त्यांना लांब बोलण्याचा तिटकारा आला होता. "तारेत 'आहे'ला जागा नसते," असं ते म्हणायचे. 'आई गंभीर निघा.' 'मुलगा झाला दोघे सुखरूप.' याहून जास्त माणसाला कळवायचं काय असतं? मी त्यांची एकुलती मुलगी, आणि यादी करण्याचं वेड मला त्यांच्याकडूनच लागलं. वाण्याची यादी, धोब्याची यादी, अभ्यासाची यादी, भांडण झालेल्या मैत्रिणींची यादी. अण्णा माझी यादी हातात घ्यायचे आणि पेन्सिलीनं एकेक शब्द खोडायचे. 'शनिवारी गव्हाचं दळण आणायचं आहे' याचं 'शनि. दळण' व्हायचं. खोडून झालं की ते मान डोलवायचे, आणि मला सगळ्या बक्षिसांपेक्षा ती मान डोलवणं मोठं वाटायचं.

पुढची खोली भाड्यानं देऊ या असं आईनं सुचवलं, आणि बेहरूज आला. इराणचा, बावीस वर्षांचा, फार्मसी कॉलेजात शेवटच्या वर्षाला. गल्लीला इराणी म्हणजे बनमस्का एवढंच माहीत. शेजारच्या गोखलेकाकूंनी जिन्यातच विचारलं, "इराणी का? मग चहा बरा करत असेल." आईला 'बेहरूज' म्हणता येईना. तिनं त्याचा पहिल्याच आठवड्यात 'भैरू' केला आणि चाचांनी त्याला बढती देऊन 'भैरोजी'. तोही त्या नावाला ओ द्यायचा. त्याला मराठी शिकायचं होतं, आणि आमच्या घरात शिकवणाऱ्यांची काही कमी नव्हती. आई त्याला भाज्या शिकवायची. अण्णा संध्याकाळी गॅलरीत बसून आकडे, वार आणि काळ शिकवायचे. "आज, उद्या, परवा, तेरवा. म्हण." तो म्हणायचा. मागचे दिवस अण्णांनी त्याला फारसे शिकवले नाहीत. "माणसाला पुढचेच लागतात," असं त्यांचं म्हणणं.

जेवणातली त्याची एक गोष्ट आईला शेवटपर्यंत कळली नाही. एकदा तिचा भात खाली लागला. ती ओशाळून ते पातेलं मोरीत ठेवायला निघाली, तर हा उठून मागे. "काकू, ते मला द्या." तळाची करपलेली, लालसर खरवड त्यानं उलथण्यानं सोडवली आणि बशीत घेऊन अशी खाल्ली की जणू पुरणपोळी. त्याच्या घरी म्हणे पाहुण्याला मानानं वाढतात ती. "अरे, आमच्याकडे ही भांडी घासणारीला देतात!" आई म्हणाली, आणि मग मुद्दाम भात खाली लागू देऊ लागली. गोखलेकाकू वास घेऊन जिन्यातून ओरडायच्या, "वहिनी, करपलं!" आई आतून, "करपवलंय!"

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसायचो. पण त्याच्या खोलीत एक दुसरी गोष्ट राहत होती, आणि घरातल्या प्रत्येकाला ती माहीत होती. त्याच्या देशात लढाई चालू होती. त्याचा मोठा भाऊ सीमेवर गेला होता आणि त्याचं पत्र येणं बंद झालं होतं. बेहरूजच्या वयाची मुलं घरी परतली की काही आठवड्यांत त्यांच्या अंगावर गणवेश चढायचा. तो पुण्यात शिकत होता तोवर सुटलेला होता, एवढाच हिशेब. त्याच्या आईचं पत्र आलं की तो ते आधी उभ्यानं वाचायचा, मग बसून. एका पत्राचा अर्थ त्यानं आम्हाला सांगितला: परीक्षा झाली तरी येऊ नकोस, आणखी एखादा कोर्स घे. "आई 'येऊ नको' म्हणते," तो आईला म्हणाला, "असं कधी आई म्हणते का, काकू?" आईनं त्याच्या पानात आणखी वाढलं. मला त्याची एक सवय आठवते. तांबट आळीतले ठोके चालू असेपर्यंत तो निवांत असायचा. एकला ते थांबले की तो पुस्तकातून मान वर करून दाराकडे बघायचा.

त्याचा राहण्याचा परवाना दर वर्षी वाढवून घ्यावा लागे. त्या वर्षी त्यानं अर्ज कॉलेजात वेळेवर दिला होता. कॉलेजातल्या कारकुनाला तो दोनदा विचारून आला. "होऊन जाईल," असं उत्तर मिळालं, आणि बेहरूज घरी येऊन म्हणाला, "झालं." आम्ही तिघंही मराठी. आमच्यापैकी एकानंही त्याला विचारलं नाही की कारकून 'झालं' म्हणाला की 'होऊन जाईल'.

बुधवारी सकाळी चाचांची हाक आली. पुण्याबाहेर मांजरी गावी माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा होता, आई आणि मी दोन दिवसांसाठी निघायच्या गडबडीत होतो. मी वेणी अर्धवट घालून खाली पळाले. फोनवर नोंदणी कचेरीतले एक गृहस्थ होते. ते अण्णांना तार ऑफिसपासून ओळखत होते आणि केवळ म्हणून त्यांनी फोन केला होता. "तुमच्याकडे तो इराणचा मुलगा राहतो ना? त्याचा अर्ज कॉलेजकडून आमच्याकडे आलेलाच नाही. परवान्याची मुदत परवा संपली. त्याला लगेच पाठवून द्या." मी "हो हो" म्हणाले. चाचा काउंटरवर बाटल्या पुसत होते. "काय म्हणतंय सरकार?" "भैरूचा परवाना." "काय झालं त्याला?" "घाईत आहे चाचा, चिठ्ठी लिहून ठेवते." "लिहा, लिहा. तुमच्या घरात माणसं कमी आणि चिठ्ठ्या जास्त."

बेहरूज कॉलेजात गेला होता, अण्णा वाचनालयात. आई खालून "बस चुकेल" म्हणून ओरडत होती. मी वहीचं पान फाडलं आणि त्याच्या दारावर खिळ्याला टोचलं. त्यावर काय लिहिलं ते मला आजही अक्षरासकट दिसतं: 'परवाना मुदत परवा. कचेरी.' चार शब्द. एक शब्दही खोडायची अण्णांना गरज पडली नसती. जिना उतरताना मला स्वतःचं कौतुक वाटलं, हे लिहून ठेवलं पाहिजे.

मांजरीत मावशीचं घर उसाच्या मधोमध होतं. साखरपुडा झाला, फोटो झाले, पेढे झाले. गुरुवारी संध्याकाळी मी अंगणात मावशीच्या सासूबाईंजवळ बसले होते. त्यांनी मला कौतुकानं जवळ ओढलं. "शहरातली हाय, पर चांगली हाय पोर. तुला ताजा काकवीचा घास द्यायचा व्हता गं. पर काय करू, परवाच गुऱ्हाळ बंद झालं." मी हसून "असू दे हो" म्हणाले. आणि तेच शब्द मनात पुन्हा म्हटले. परवाच बंद झालं. म्हणजे मागचं परवा. मी चिठ्ठीत 'संपली' लिहिलं होतं का? मी डोळ्यांसमोर ते पान आणलं. खिळा, पान, चार शब्द. 'संपली' नव्हतं. चिठ्ठी वाचणारा कोणतं परवा धरेल? ज्याला 'आज, उद्या, परवा, तेरवा' असंच शिकवलंय, तो?

"आजी, इथे फोन कुठे आहे?" "फोन? साखर कारखान्याकडं आसंल. आत्ता बंद झाला आसंल की गं." मी आईला सांगितलं. आई आधी म्हणाली, "अण्णा आहेत ना घरी, त्यांना कळेल." मी म्हणाले, "अण्णांनाच कळणार नाही. त्यांच्यासारखंच लिहिलंय मी." आई माझ्याकडे बघत राहिली. त्या वेळी पुण्याकडे जाणारी गाडी उरली नव्हती. शुक्रवारी सकाळच्या पहिल्या बसनं आम्ही निघालो. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस उभा होता.

दहाच्या सुमारास गल्लीत पोचलो तर चाचा दुकान झाडत होते. "भैरोजी गेले कचेरीत," ते म्हणाले. "इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. मी म्हटलं लग्नाला का? तर म्हणतात, नाही चाचा, आज परवा आहे." वर अण्णा पेपर वाचत होते. मी विचारायच्या आत तेच म्हणाले, "तुझी चिठ्ठी मी त्याला समजावून दिली. बुधवारी लिहिलीस, म्हणजे परवा शुक्रवार. म्हटलं, आज मुदत आहे तर आजच जा, उगाच आधी जाऊन त्यांना त्रास कशाला." मी म्हणाले, "अण्णा, मुदत सोमवारी संपली." त्यांनी चष्मा काढला. ठोके चालू होते. "असं लिहिलं नव्हतंस," ते म्हणाले. मग चष्मा पुसत, "असं मी विचारलंही नाही."

मी कचेरीत पोचले तेव्हा बेहरूज बाकावर बसला होता, मांडीवर फाईल, फाईलवर दोन्ही हात. मला बघून तो उठला आणि हसला. त्याला वाटलं मी सोबतीला आले. खिडकीपलीकडे ते फोनवाले गृहस्थ होते. कानावर पेन्सिल, चेहरा त्रासलेला.

"बाई, मी तुम्हाला फोनवर काय सांगितलं होतं?"

"मुदत परवा संपली."

"मग? मी लगेच पाठवा म्हटलं होतं. तीन दिवसांपर्यंत उशीर झाला तर साहेब इथल्या इथे शिक्का मारतात. काल संध्याकाळपर्यंत मी याचा मुदत संपल्याचा कागद दाबून बसलो होतो. काल."

बेहरूजनं खिशातून चिठ्ठी काढून खिडकीतून आत दिली. त्याला वाटलं तो पुरावा आहे. गृहस्थांनी ती वाचली, उलटी करून पाठीमागे काही आहे का बघितलं, पुन्हा वाचली. "यात 'संपली' कुठे आहे?" त्यांनी मला विचारलं. ते रागावलेही नव्हते, आणि तेच सहन होईना. "तारवाल्यांची मुलगी," ते स्वतःशी म्हणाले आणि चिठ्ठी परत सरकवली. "आता फाईल वर गेली."

"वर?" बेहरूजनं लगेच फाईल काखेत घेतली. "मी जातो. जिना कुठे आहे?"

"अहो, वर म्हणजे मुंबईला."

बाकावरचे दोघंतिघं हसले. बेहरूजही हसला, कारण सगळे हसत होते. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याचं हसू हळूहळू थांबलं. परत येताना मी त्याला सगळं सांगितलं, शनिवारवाड्याच्या भिंतीकडेनं चालताना. माझ्याच्यानं थांबून सांगवेना म्हणून चालत सांगितलं. तो फाईल छातीशी धरून चालत राहिला. शेवटी त्यानं विचारलं, "मग तुम्हाला कसं कळतं, शुभा? हे परवा मागचं की पुढचं?" मी म्हणाले, "क्रियापदावरून." त्यानं खिशातून शब्दांची छोटी वही काढली, रस्त्यातच उभा राहिला आणि ते लिहून घेतलं. एक शिवी दिली असती तर मी आजपर्यंत त्याची आभारी राहिले असते.

पुढचे पाच आठवडे आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. अण्णांनी अर्ज लिहिले, लांबलचक, पूर्ण वाक्यांचे. निवृत्त झाल्यानंतर पहिल्यांदाच मी त्यांना एखादं पान भरताना बघितलं. ते दोनदा मुंबईला गेले. दोन्ही वेळा परत येऊन त्यांनी चप्पल काढता काढता एवढंच सांगितलं, "बघू म्हणाले." बेहरूजला त्याचा अर्थ सांगायची गरज उरली नव्हती. तो परीक्षेचा अभ्यास करत राहिला, पहाटे उठून, पान उलटल्याचा आवाज भिंतीतून माझ्या उशीपर्यंत यायचा. आईनं मला एकदाच सुनावलं, पोळ्या लाटताना, माझ्याकडे न बघता: "तुमच्या दोघांच्या काटकसरीत एक पोरगं खर्ची पडतंय." अण्णा बाहेरच्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं असणार.

परीक्षेला अकरा दिवस उरले असताना कागद आला. सात दिवसांत देश सोडावा. चाचांनी ओळखीचा एक वकील गाठला. वकील म्हणाला, मुदत गेल्यावर आलात. बेहरूजच्या दोन मित्रांनी त्याला दुसऱ्या गावी निघून जा, नाव बदल, असं सांगितलं. तो नाही म्हणाला. पकडला गेलो तर तुमच्या घरावर येईल, एवढंच त्याचं कारण. मी आज माझ्या ऑफिसात बसते तेव्हा समोरच्या खुर्चीतली मुलं मला कधी कधी विचारतात की एक-दोन दिवस उशिरा काय होतं. मी सांगते की बहुतेक वेळा काही होत नाही. हे खरं आहे. आणि मग मी त्यांच्याकडून तारीख पुन्हा वाचून घेते, मोठ्यानं.

तो सकाळी सहाला निघाला. अण्णा मुंबईपर्यंत त्याच्याबरोबर गेले. आईनं त्याला डबा दिला आणि त्याच्या कपाळाला हात लावून काहीतरी पुटपुटली. चाचांनी एक लहान अत्तराची कुपी त्याच्या खिशात टाकली, "विमानात उघडू नका भैरोजी, सगळे तुमच्याच गळ्यात पडतील." त्यानं मला त्याची फार्मसीची पुस्तकं दिली आणि म्हणाला, "कोणाला तरी द्या. नवीन आहेत." पुढे अण्णांनी त्याच्या घरच्या पत्त्यावर चार पत्रं पाठवली. एकही परत आलं नाही आणि एकाचंही उत्तर आलं नाही. तीन वर्षांनी लढाई थांबल्याची बातमी पेपरात आली, तेव्हा अण्णांनी पाचवं लिहिलं.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवशी दुपारचं. अण्णा अजून परतले नव्हते. चौकीतले एक हवालदार सायकलवरून आले, जिना चढून दारात उभे राहिले. वयस्कर, दमलेले. मुलगा गेला की नाही याची खात्री करायची होती, आणि घरातल्या कोणाचा तरी जबाब हवा होता. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मला गेल्याच महिन्यात अठरावं पूर्ण झालं होतं.

"मग तुम्हीच लिहा," ते खुर्चीत बसत म्हणाले. "मी सांगतो. सदर इसम बेहरूज, राहणार वरील पत्ता, आज रोजी गेला. खाली सही. संपलं."

मी 'आज रोजी'पर्यंत लिहिलं आणि थांबले.

"काय झालं?"

"नुसतं 'गेला' मी लिहिणार नाही."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. तेही मराठीच होते. त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बरं. मग काय लिहिता?"

"आज रोजी सकाळी सहा वाजता तो पुण्याच्या घरातून मुंबईला जाण्यासाठी निघाला. तो त्याच्या घरी पोचल्याचं आम्हाला अजून कळलेलं नाही."

"ते शेवटचं आम्हाला नको असतं, बाई."

"असू दे," मी म्हणाले, आणि तेही लिहिलं.